सुराची कड: दारावरच्या बटणापासून ब्राउझरपर्यंत

वाद्यातून निघणारा स्वर एका पातळीवर सुरू होऊन त्याच पातळीवर संपत नाही. सतारीच्या तारेवर मिजराब पडली की आवाज क्षणात शिखर गाठतो आणि तिथून सावकाश ओसरतो. मागे उरते ती आस. बासरीचा स्वर फुंकरीबरोबर भरत जातो, फुंकर टिकेल तोवर टिकतो आणि श्वास थांबला की विरतो. तबल्याचा बंद बोल उमटताच संपतो, खुला बोल घुमत राहतो. वेळेनुसार आवाज कसा चढतो, टिकतो आणि उतरतो, त्या आकृतीला ध्वनितंत्रात एन्व्हलप म्हणतात.

लाकूड, तार, चामडे आणि हवा ही आकृती आपसूक घडवतात. विजेच्या मंडलातून किंवा संगणकातून स्वर काढताना मात्र ती मुद्दाम घडवावी लागते. कंपने निर्माण करणारे मंडल अखंड चालू असते आणि ते जोडले की आवाज एकदम येतो, तोडले की एकदम जातो. त्याला सुरुवात आणि शेवट देण्याची कला सुमारे 80 वर्षांत आकाराला आली. व्हॉल्व्हची वाद्ये, प्रयोगशाळेतले मोठे संगणक, मूगचा सिंथेसायझर आणि घरगुती संगणकातली चिप असे टप्पे ओलांडत ती आज कोणत्याही मोबाइलमधल्या ब्राउझरपर्यंत आली आहे. या प्रवासात एक गोष्ट पुन्हा पुन्हा घडलेली दिसते. प्रत्येक नव्या यंत्राने आधी स्वर काढला, त्याची कड नंतर घासली.

कान कशावरून ओळखतो

जर्मन शास्त्रज्ञ हर्मान फॉन हेल्महोल्ट्झ यांनी 1863मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात स्वराचा पोत, म्हणजे एकाच उंचीच्या दोन वाद्यांच्या स्वरांतला फरक, उपस्वरांच्या प्रमाणावरून समजावून सांगितला. वाद्याचा आवाज कसा सुरू होतो आणि कसा संपतो यावरही त्याची ओळख अवलंबून असते, हे त्यांच्या लक्षात आले होते. तरी विवेचनासाठी त्यांनी ही दोन्ही टोके बाजूला ठेवली आणि मधला स्थिर भागच विचारात घेतला. पुढची अनेक दशके याच वाटेने गेली. योग्य उपस्वर योग्य प्रमाणात मिसळले की हवे ते वाद्य तयार होईल, अशी समजूत रुजली.

या समजुतीला प्रयोगाने धक्का दिला. कार्ल श्टुम्फ यांचे या विषयावरचे पुस्तक 1926मध्ये आले. वाद्यस्वरांचा आरंभ ऐकणाऱ्यापासून लपवला, तर जाणत्या कानांनाही वाद्ये ओळखणे अवघड जाते, असे त्यांना आढळले होते. 1948मध्ये पॅरिसच्या रेडिओ स्टुडिओत पिएर शेफर यांनी हीच गोष्ट तबकडीवर करून पाहिली. त्यांनी घंटेचा आवाज मुद्रित करताना ठोक्याचा क्षण वगळला आणि फक्त मागचा नाद पकडला. ठोका गेल्यावर घंटा घंटेसारखी वाजेना. तिचा स्वर ओबोसारख्या फुंकवाद्याकडे झुकला. ‘कापलेली घंटा’ या नावाने हा प्रयोग ओळखला जातो, आणि ध्वनिमुद्रणाचा कच्चा माल घेऊन संगीत रचण्याच्या शेफर यांच्या पद्धतीचा तो एक पाया ठरला.

या प्रयोगांतून निघालेला निष्कर्ष पुढच्या सर्व यंत्रांना लागू पडतो. कानाला वाद्याची ओळख मोठ्या प्रमाणात पहिल्या काही सहस्रांश सेकंदांत पटते. तेवढा भाग बिघडला की उपस्वर कितीही अचूक असले तरी भास मोडतो.

टिचकीचा आवाज

1935मध्ये बाजारात आलेल्या हॅमंड ऑर्गनमध्ये दातेरी धातूची चाके चुंबकांसमोर सतत फिरत असत. पट्टी दाबली की तिच्याखालचे नऊ संपर्क जुळत आणि आधीपासून तयार असलेला प्रवाह स्पीकरकडे जाई. संपर्क जुळण्याच्या क्षणी लहर शून्यावर असेलच असे नाही. ती मध्येच कुठेतरी असली तर स्पीकरच्या पडद्याला शून्यावरून थेट त्या जागी उडी घ्यावी लागते. अशा उडीत गणिताच्या दृष्टीने खालपासून वरपर्यंत सर्व कंप्रता थोड्याथोड्या मिसळलेल्या असतात आणि कानाला ती ‘टिक’ अशी टिचकी ऐकू येते. लॉरेन्स हॅमंड यांच्या दृष्टीने हा दोष होता. जॅझ आणि पुढे रॉकच्या वादकांना मात्र त्या टिचकीमुळे स्वराला धार येते असे वाटले, आणि दोष म्हणून ओळखली जाणारी ती टिचकी वाद्याची खूण बनली.

हॅमंड कंपनीच्याच पुढच्या वाद्याने हा प्रश्न मुळातून सोडवला. 1939मध्ये विक्रीला आलेल्या नोव्हाकॉर्डमध्ये 72 पट्ट्या, 163 व्हॉल्व्ह आणि हजाराहून जास्त कपॅसिटर होते. प्रत्येक पट्टीमागे आवाजाची पातळी चढवणारे आणि उतरवणारे स्वतंत्र मंडल होते. समोरच्या फळीवरची सात जागांची एक कळ फिरवून वादक आरंभ निवडू शके. एका टोकाला स्वर तारेवर ठोका पडल्यासारखा उमटे, तर दुसऱ्या टोकाला व्हायोलिनच्या गजासारखा हळूच भरे. न्यूयॉर्कच्या 1939च्या जागतिक प्रदर्शनात नोव्हाकॉर्डच्या वादकांचा ताफाच बसवण्यात आला होता. दुसऱ्या महायुद्धात सुटे भाग मिळेनासे झाले आणि 1942मध्ये उत्पादन थांबले. तोवर सुमारे हजार वाद्ये तयार झाली होती. एन्व्हलपची कल्पना इतक्या पूर्णपणे अंगी असलेले वाद्य पुढे जवळजवळ विसरले गेले. त्याचे वजन आणि व्हॉल्व्हची देखभाल पेलवेल असा ग्राहक उरला नव्हता.

प्रयोगशाळेतला संगणक

1957मध्ये अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत मॅक्स मॅथ्यूज यांनी आयबीएम 704 या संगणकासाठी ‘म्यूझिक 1’ हा कार्यक्रम लिहिला. त्यावर न्यूमन गटमन यांनी रचलेला 17 सेकंदांचा तुकडा वाजला. कार्यक्रमाला एकच आवाज होता, लहरीचा आकार एकच होता तो म्हणजे त्रिकोणी, आणि रचनाकाराच्या हातात तीनच गोष्टी होत्या: स्वराची उंची, त्याचा लहानमोठेपणा आणि कालावधी. आरंभ नव्हता, शेवट नव्हता. हॅमंडच्या चाकांनी जे केले तेच आता आकड्यांनी केले. स्वर एकदम उगवे आणि एकदम मावळे.

मॅथ्यूज यांनी पुढच्या आवृत्त्यांत कार्यक्रमाचा ढाचाच बदलला. ‘म्यूझिक 3’मध्ये त्यांनी लहान लहान स्वयंपूर्ण घटकांची पद्धत आणली. एक घटक लहर निर्माण करी, दुसरा पातळी ठरवी, तिसरा बेरीज करी, आणि रचनाकार त्यांना हव्या त्या क्रमाने जोडून आपले वाद्य बांधी. पातळी ठरवणारा घटक एका साठवलेल्या वक्ररेषेवरून आकडे वाचत जाई. ही वक्ररेषा म्हणजेच एन्व्हलप. घटक जोडून वाद्य बांधण्याची ही रीत नंतरच्या बहुतेक संगीत-भाषांनी उचलली, आणि ब्राउझरमधली आजची रचनाही त्याच कुळातली आहे.

त्याच प्रयोगशाळेत 1960च्या दशकाच्या मध्याला फ्रेंच संगीतकार आणि शास्त्रज्ञ झाँ-क्लोद रिसे यांनी ट्रम्पेटचा अभ्यास केला. ट्रम्पेटचे उपस्वर मोजून तेवढेच मिसळले तरी संगणकाचा स्वर पितळेसारखा वाजत नव्हता. रिसे यांनी स्वराचा प्रत्येक क्षण वेगळा तपासला, तेव्हा कारण सापडले. फुंकर वाढते तसतसे वरचे उपस्वर खालच्यांपेक्षा अधिक वेगाने वाढतात. त्यामुळे आरंभी स्वर मंद असतो, मोठा होता होता तो उजळतो आणि उतरताना पुन्हा मंदावतो. एकाच एन्व्हलपने आवाजाची पातळी आणि स्वराची चमक दोन्ही हलवायला हव्यात, हा धडा यातून मिळाला. स्टॅनफर्डमध्ये जॉन चाऊनिंग यांनी 1973मध्ये मांडलेल्या, एका लहरीने दुसरीची कंप्रता हलवण्याच्या एफएम पद्धतीत हेच तत्त्व दोनच लहरींच्या साहाय्याने साधले.

घंटेचे बटण

संगणकावर एक मिनिटाचा आवाज ऐकायला त्या काळी तासन्‌तास थांबावे लागे. वादकाच्या बोटाला तत्काळ उत्तर देणारा एन्व्हलप मिळाला तो वेगळ्याच वाटेने. न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रुमन्सबर्ग या लहान गावात रॉबर्ट मूग यांचे थेरमिन वाद्यांचे दुकान होते. 1964च्या उन्हाळ्यात संगीतकार हर्बर्ट डॉइच तिथे काही दिवस राहिले. मूग यांनी व्होल्टेजने नियंत्रित होणारी मंडले बांधली होती. त्यांतून अखंड आवाज निघे. डॉइच यांना मात्र सुटे, सुरू होणारे आणि संपणारे स्वर हवे होते. तेव्हा दारावरच्या घंटेचे साधे बटण आणवण्यात आले आणि ते एका कपॅसिटरला जोडण्यात आले. बटण दाबले की कपॅसिटर भारला जाई आणि आवाज चढे. सोडले की तो रिकामा होई आणि आवाज उतरे.

पंख्याचा ‘कंडेन्सर’ म्हणून घरोघरी ठाऊक असलेल्या या भागाचे वागणे इथे निर्णायक ठरते. रेझिस्टरमधून भारला जाणारा कपॅसिटर एकसारख्या गतीने भरत नाही. तो आधी झपाट्याने भरतो आणि शेवटाकडे मंदावतो. रिकामा होतानाही तसेच होते: सुरुवातीला मोठी घसरण, मग लांबत जाणारी शेपटी. रेझिस्टरचे मूल्य आणि कपॅसिटरचे मूल्य गुणले की त्या मंडलाचा कालांक मिळतो. 100 किलोओहमचा रेझिस्टर आणि 1 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर घेतला तर हा कालांक 0.1 सेकंद येतो. एवढ्या वेळात अंतराचा 63.2 टक्के भाग कापला जातो आणि पाचपट वेळात 99.3 टक्के. छेडलेली तार किंवा ठोकलेली घंटा आपली ऊर्जा जवळपास याच रीतीने गमावते, आणि कानही आवाजाचा लहानमोठेपणा गुणोत्तराने मोजतो. म्हणून कपॅसिटरची ही शेपटी कानाला नैसर्गिक वाटली.

बटण आणि कपॅसिटर यांतून चढ आणि उतार एवढेच मिळत होते. 1965मध्ये कोलंबिया-प्रिन्स्टन इलेक्ट्रॉनिक संगीत केंद्राचे व्लादिमीर उसाचेव्हस्की यांनी मूग यांच्याकडे अधिक नेमकी मागणी नोंदवली. आरंभाचा वेळ, शिखरावरून पहिल्या उताराचा वेळ, पट्टी दाबून धरलेली असताना टिकणारी पातळी आणि पट्टी सोडल्यावरच्या शेवटच्या उताराचा वेळ, असे चार भाग त्यांनी सुचवले. पुढे एआरपी या प्रतिस्पर्धी कंपनीने त्यांना सुटसुटीत नावे दिली: अटॅक, डिके, सस्टेन आणि रिलीज. आद्याक्षरांवरून एडीएसआर हे संक्षिप्त नाव जगभर रूढ झाले. या चारांतले तीन आकडे वेळेचे आहेत आणि सस्टेनचा एकटा आकडा पातळीचा. नवशिक्याचा पहिला गोंधळ हमखास इथेच होतो.

मंडलाच्या दृष्टीने अटॅकमध्ये एक अडचण होती. कपॅसिटर ज्या पातळीकडे भरतो त्या पातळीला तो तत्त्वतः कधीच पोचत नाही. यावर उपाय म्हणून मंडल शिखरापेक्षा वरच्या व्होल्टेजचा रोख धरते. शिखर ओलांडताच तुलना करणारा भाग कळ फिरवतो आणि डिके सुरू होतो. त्यामुळे अटॅकची चढण जवळजवळ सरळ दिसते, तर डिके आणि रिलीज शेपटीसारखे लांबतात. पट्टी मध्येच सोडली तरी काही बिघडत नाही. कपॅसिटरवर त्या क्षणी जेवढे व्होल्टेज असेल तिथूनच उतार सुरू होतो, कारण आपण कुठवर आलो आहोत हे कपॅसिटरला लक्षात ठेवावे लागत नाही. ते त्याच्या अंगातच असते. संगणकाच्या बाबतीत हीच गोष्ट पुढे त्रासाची ठरणार होती.

वेंडी कार्लोस यांच्या 1968च्या ‘स्विच्ड-ऑन बाख’ या ध्वनिमुद्रिकेने मूगचा आवाज घराघरात पोचवला आणि 1970च्या मिनीमूगने तो मंचावर नेला. मिनीमूगवर रिलीजला वेगळी कळ नव्हती; डिकेचाच वेळ एका खटक्याने रिलीजला लागू होई. भारतात मूगची यंत्रणा 1969मध्ये अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत आली. अमेरिकी संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी ती बसवली, आणि गीता साराभाईंसह काही भारतीय संगीतकारांनी पुढच्या दोन-तीन वर्षांत तिच्यावर ध्वनिमुद्रणे केली. मुंबईत 1982मध्ये चित्रपटसंगीतातले वादक चरणजित सिंग यांनी दहा रागांवर डिस्को ठेक्याची ध्वनिमुद्रिका काढली. त्यात रोलंड कंपनीची तीन यंत्रे होती. ज्युपिटर-8मध्ये संपूर्ण एडीएसआर होता. टीबी-303 या बेसच्या यंत्रावर अटॅकची कळच नव्हती, फक्त डिकेची होती. स्वर नेहमी ठोक्यासारखा उमटे आणि कळ फिरवून त्याची शेपटी लांब किंवा आखूड करता येई. 

दोन बाइटमधला एन्व्हलप

घरगुती संगणकांच्या आरंभीच्या ध्वनी-चिपा काटकसरीच्या होत्या. जनरल इन्स्ट्रुमेंटच्या एवाय-3-8910 चिपमध्ये तीन आवाज होते, पण त्या तिघांत मिळून एन्व्हलपचे एकच मंडल होते. तीन वेगवेगळे स्वर वेगवेगळ्या वेळी सुरू करायचे असतील तर कार्यक्रम लिहिणाऱ्याला पातळीचे आकडे स्वतः भराभर बदलत राहावे लागे.

1982च्या कमोडोर 64मधल्या सिड चिपने चित्र पालटले. तिचा रचनाकार बॉब यानेस याला खेळण्यातली चिप नको होती, सिंथेसायझर हवा होता. त्याने तिन्ही आवाजांना स्वतंत्र एडीएसआर दिला आणि तो दर आवाजामागे दोन बाइटमध्ये बसवला. अटॅकला चार बिट, डिकेला चार, सस्टेनला चार, रिलीजला चार. प्रत्येक भागासाठी 0 ते 15 असे 16 पर्याय मिळत. अटॅक 2 सहस्रांश सेकंदांपासून 8 सेकंदांपर्यंत, तर डिके आणि रिलीज 6 सहस्रांश सेकंदांपासून 24 सेकंदांपर्यंत. चढ सरळ रेषेत होता. उतारासाठी यानेसने ठराविक पातळ्यांवर गती कमी करत नेली, म्हणजे सरळ तुकड्यांची एक मोडकी रेषा कपॅसिटरच्या वळणाची नक्कल करी. सिलिकॉनच्या चिपनेही पंख्याच्या कंडेन्सरचेच वळण गिरवले.

या चिपमध्ये एक चूक राहून गेली आणि ती कडेशीच होती. एन्व्हलपची गती ठरवणारा मोजणी-भाग एका ठराविक आकड्याला पोचला की पातळी एक पायरी बदले. मधेच वेगवान गती निवडली आणि मोजणी तोवर त्या नव्या आकड्याच्या पुढे गेलेली असली, तर तिला पूर्ण फेरा मारून परत यावे लागे. हा फेरा सुमारे 33 सहस्रांश सेकंदांचा होता, आणि तेवढा वेळ नवा स्वर अडकून राही. वेगवान धून असली की काही स्वर गळाल्यासारखे वाटत. यावर संगीत रचणाऱ्यांनी युक्ती काढली. पुढचा स्वर येण्याच्या आधी पडद्याच्या एक-दोन चौकटी (फ्रेम) असताना चारही आकडे शून्यावर आणून मोजणी मोकळी करायची आणि मग स्वर सोडायचा. ‘हार्ड रीस्टार्ट’ नावाची ही युक्ती त्या संगणकावर संगीत रचणाऱ्यांची रोजची सवय झाली.

पुढच्याच वर्षी आलेल्या यामाहा डीएक्स7ने चार अक्षरांची चौकट सैल केली. त्यात चार गती आणि चार पातळ्या होत्या, आणि एफएमच्या सहाही लहरींना स्वतंत्र एन्व्हलप होता. गतीचा आकडा 99 म्हणजे सर्वांत वेगवान. वेळेची सवय असलेल्या वादकांना ही उलटी मोजणी अंगवळणी पडायला वेळ लागला. पियानोच्या ठोक्याची धातूसारखी टिणटिण आणि मागचा गोल नाद या वाद्यावर वेगवेगळ्या शेपट्यांनी घडवता येई. 1980च्या दशकातल्या चित्रपटगीतांत आणि जाहिरातींत ऐकू येणारा इलेक्ट्रिक पियानो याच रीतीने तयार झालेला आहे.

पानावरचा आवाज

वेबच्या पहिल्या दशकात पानावर आवाज म्हणजे तयार फाइल वाजवणे एवढेच होते. फ्लॅशने काही सोय केली, पण ते ब्राउझरबाहेरचे जोडकाम होते. एचटीएमएल5मधल्या ऑडिओ घटकाला पातळीचा एक आकडा मिळाला, 0 ते 1 यांमधला. तो आकडा जावास्क्रिप्टने भराभर बदलून फेड करता येई. परंतु जावास्क्रिप्टचे घड्याळ पानाच्या इतर कामांत अडकते. चित्र रंगवणे, स्मृती साफ करणे, माणसाचा स्पर्श टिपणे यांमुळे 10 सहस्रांश सेकंदांनी व्हायचे काम 30 सहस्रांश सेकंदांनी होते. डोळ्याला हे चालते. कानाला तेवढ्यात पायऱ्या ऐकू येतात.

2010च्या सुमारास दोन वाटा पुढे आल्या. मोझिलाने ध्वनीचे नमुने, म्हणजे लहरीच्या क्षणोक्षणीच्या पातळीचे आकडे, जावास्क्रिप्टला थेट वाचू आणि लिहू देण्याचा प्रयोग केला आणि तो 2011च्या फायरफॉक्स 4मध्ये आणला. गूगलमध्ये ख्रिस रॉजर्स यांनी मॅथ्यूज यांच्या रीतीने घटक जोडण्याची रचना मांडली. त्यात प्रत्यक्ष गणित ब्राउझर स्वतः वेगळ्या धाग्यावर करी आणि जावास्क्रिप्ट फक्त जोडणी व वेळापत्रक देई. डब्ल्यूथ्रीसी या मानक संस्थेने या दुसऱ्या वाटेचा पहिला मसुदा 15 डिसेंबर 2011 रोजी प्रसिद्ध केला. 23 मे 2012 रोजी मूग यांच्या जन्मदिनी गूगलच्या मुखपृष्ठावर वाजवता येणारा मिनीमूगसारखा सिंथेसायझर झळकला. क्रोममध्ये तो याच नव्या वेब ऑडिओवर चालत होता, इतर ब्राउझरांत फ्लॅशवर. कपॅसिटरच्या एन्व्हलपची कळ आता माउसने फिरवता येत होती. फायरफॉक्सने 2013मध्ये हीच पद्धत स्वीकारली आणि 17 जून 2021 रोजी वेब ऑडिओ हे अधिकृत मानक झाले.

या मानकात एडीएसआर नावाचा घटक नाही, हे पहिल्यांदा पाहणाऱ्याला चकित करते. त्याऐवजी पातळी बदलणारा गेन हा घटक आहे आणि त्याच्या आकड्यासाठी वेळापत्रक लावण्याच्या काही आज्ञा आहेत. ‘सेट व्हॅल्यू अ‍ॅट टाइम’ ठरलेल्या क्षणी आकडा बसवते. ‘लिनिअर रॅम्प’ सरळ रेषेत नेते, ‘एक्स्पोनेन्शियल रॅम्प’ गुणोत्तराने नेते. ‘सेट टार्गेट अ‍ॅट टाइम’ला लक्ष्य, आरंभाचा क्षण आणि कालांक असे तीन आकडे लागतात. तिचे सूत्र आणि रेझिस्टरमधून रिकाम्या होणाऱ्या कपॅसिटरचे सूत्र एकच आहे. कालांकाच्या जागी 0.1 लिहिणे म्हणजे 100 किलोओहम आणि 1 मायक्रोफॅरड जोडणे. सर्व वेळ ध्वनीच्या स्वतःच्या घड्याळावर मोजला जातो. गेनचा आकडा प्रत्येक नमुन्यागणिक, म्हणजे 44,100 नमुन्यांच्या दराला सेकंदात 44,100 वेळा, नव्याने काढला जातो. त्यामुळे पायऱ्या उरत नाहीत.

एक स्वर जवळून पाहिला तर इतिहासातले सगळे टप्पे त्यात दिसतात. 440 हर्ट्झची साधी लहर गेनला जोडलेली आहे असे समजावे. गेन काहीच हलवला नाही आणि लहर मध्येच थांबवली, तर हॅमंडची टिचकी जशीच्या तशी ऐकू येते. म्हणून आरंभी गेन 0वर ठेवतात, 0.01 सेकंदात तो 1पर्यंत नेतात, तिथून 0.1 सेकंदात 0.6वर उतरवतात आणि पट्टी दाबलेली असेपर्यंत तसाच राहू देतात. पट्टी सुटली की लक्ष्य 0 आणि कालांक 0.1 देतात. अर्ध्या सेकंदात पातळी सुमारे 0.004वर येते, कानाला स्वर संपल्यासारखा वाटतो आणि मगच लहर थांबवतात. थांबवलेली लहर या मानकात पुन्हा सुरू करता येत नाही. पुढच्या स्वरासाठी नवी लहर आणि बहुधा नवा गेन तयार करतात. हॅमंडची चाके अखंड फिरत होती, इथे प्रत्येक स्वरासाठी नवे चाक घडते आणि टाकून दिले जाते.

चुका ठरलेल्या ठिकाणी होतात. गुणोत्तराची चाल शून्यावरून निघू शकत नाही आणि शून्यावर पोचूही शकत नाही, कारण शून्याला कशानेही गुणले तरी शून्यच. लक्ष्य म्हणून शून्य दिले तर ब्राउझर आज्ञाच नाकारतो. म्हणून 0.001 इतका लहान आकडा देण्याची रीत पडली. तो शिखरापेक्षा 60 डेसिबल खाली असतो. दुसरी चूक रॅम्पच्या आरंभाची. रॅम्प आधीच्या आज्ञेच्या क्षणापासून मोजला जातो, त्यामुळे आरंभाचा आकडा आधी ठोकून बसवला नाही तर चढण भलत्याच वेळी सुरू होते. आणखी एक सवय नंतर मोडावी लागली. सुरुवातीला ब्राउझर गेनमधला अचानक बदल आपणहून थोडा मऊ करून देत. हे वागणे मानकातून काढले गेले आणि क्रोमने 2018च्या सुमारास ते बंद केले. तेव्हा त्यावर विसंबलेल्या जुन्या पानांतून टिचक्या पुन्हा ऐकू येऊ लागल्या.

सर्वांत नाजूक क्षण मधेच सुटलेल्या पट्टीचा. आरंभाची चढण अर्ध्यावर असताना बोट उठले, तर वेळापत्रकातल्या पुढच्या आज्ञा रद्द कराव्या लागतात. रॅम्प रद्द झाला की तो जणू झालाच नव्हता असे समजून आकडा मागच्या जागी उडी घेतो आणि टिचकी येते. कपॅसिटरला आपली पातळी माहीत होती, वेळापत्रकाला ती माहीत नाही. यासाठी ‘कॅन्सल अँड होल्ड’ ही आज्ञा नंतर जोडण्यात आली, पण ती सर्व ब्राउझरांत एकाच वेळी आली नाही. त्यामुळे अनुभवी लोक वेगळा मार्ग धरतात. चढ, उतार आणि शेवट हे तिन्ही टप्पे ‘सेट टार्गेट’नेच करतात. ही आज्ञा नेहमी त्या क्षणीच्या पातळीपासून निघते, म्हणून पट्टी केव्हाही सुटली तरी उडी पडत नाही. कपॅसिटरचा स्वभाव सूत्राने परत आणण्याचा हा प्रकार आहे. टोन.जेएससारख्या तयार सॉफ्टवेअर-लायब्रऱ्यांत अटॅक, डिके, सस्टेन, रिलीज हे चार आकडे दिले की ही सारी व्यवस्था आतल्या आत होते. त्यामुळे अनेकांना त्या आज्ञांची गाठही पडत नाही.

हॅमंडच्या संपर्कांनी, म्यूझिक 1ने आणि ब्राउझरमधल्या पहिल्या प्रयोगांनी एकच टिचकी वेगवेगळ्या काळी ऐकवली. तिच्यावरचा उपायही एकच राहिला: स्वराला येण्याचा आणि जाण्याचा रस्ता देणे. त्या रस्त्याचे वळण कपॅसिटरने आखून दिले आणि मोबाइलच्या पडद्यावर वाजणाऱ्या स्वराचा शेवट आजही त्याच वळणाने होतो.